पॉल मॉर्फीचा डाव पटावर मांडून कसा अभ्यासावा

लोकलच्या प्रवासात मोबाइलवर बोट सरकवत अमेरिकन बुद्धिबळपटू पॉल मॉर्फीचा एखादा डाव दोन मिनिटांत पाहून होतो, पण तसा पाहिलेला डाव दादर येईपर्यंत विसरलेलाही असतो. त्यासाठी घरी खरा पट मांडावा, वही जवळ ठेवावी आणि एका डावाला एक पूर्ण संध्याकाळ द्यावी.

सुरुवातीला त्याची कारकीर्द समजून घ्यावी. २२ जून १८३७ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे जन्मलेल्या मॉर्फीने १८५७ मध्ये न्यूयॉर्कची पहिली अमेरिकन बुद्धिबळ काँग्रेस ही स्पर्धा जिंकली आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये नामवंत जर्मन बुद्धिबळपटू अँडरसनला ७ विजय, २ पराभव आणि २ बरोबऱ्या अशा फरकाने हरवले. त्यानंतर लवकरच त्याने गंभीर स्पर्धात्मक खेळ सोडला. १८८४ मध्ये त्याचे निधन झाले. इतक्या अल्प कारकिर्दीतले डाव आजही शिकवले जातात, याचे कारण पटावरच सापडते.

पहिला डाव १८५८ चा घ्यावा. पॅरिसच्या ऑपेरागृहात ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर हे दोघे परस्परांशी सल्लामसलत करून त्याच्याविरुद्ध खेळले होते. पांढऱ्याची बाजू आपल्याकडे घ्यावी, मॉर्फीची चाल कागदाने झाकावी, स्वतःची चाल वहीत लिहावी आणि मगच कागद सरकवावा. आठव्या चालीला मात्र घाई करू नये. बी ७ चे, म्हणजे बी या उभ्या पट्टीतल्या सातव्या घरातले, प्यादे वजिराने फुकट मिळत होते. ते घेतल्यावर काळा वजीर बी ४ वर येऊन शह देतो आणि वजिरांची अदलाबदल होते, तरीही पांढऱ्याची बाजू उत्तमच राहते. मॉर्फीने ते न घेता घोडा बाहेर काढला. माझ्या मते संपूर्ण डावातली सर्वांत शिकण्यासारखी चाल हीच आहे, शेवटचे बलिदान नव्हे.

नवव्या चालीनंतर थांबून दोन्ही बाजूंचे बाहेर पडलेले मोहरे मोजावेत. पांढऱ्याचे चार भरतात, काळ्याचे दोनच, आणि त्यातला वजीर स्वतःच्याच उंटाची वाट अडवून उभा असतो. आता दोन प्याद्यांच्या बदल्यात घोडा का दिला, हे उमगते. पुढे कॅसलिंगच्या, म्हणजे राजा आणि हत्ती एकत्र हलवण्याच्या, एकाच चालीत राजा सुरक्षित होतो आणि हत्तीही डी पट्टीत येतो. ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून देशी नियमांचे बुद्धिबळ शिकले आहे, त्यांनी ही चाल आधी नीट समजून घ्यावी, कारण तिच्याशिवाय हा हल्ला इतका वेगवान होत नाही.

सोळाव्या चालीला वजीर दिला जातो, सतराव्याला मात होते. त्या क्षणी राजा आणि प्यादी सोडल्यास पांढऱ्याकडे फक्त एक हत्ती आणि एक उंट उरतो, तर काळ्याचा राजाजवळचा उंट आणि हत्ती अजून मूळ घरातच असतात. ही अंतिम स्थिती वहीत काढून ठेवावी.

दुसऱ्या संध्याकाळी पट फिरवून काळ्याच्या बाजूने बसावे आणि न्यूयॉर्कच्या त्याच स्पर्धेतला, प्रतिस्पर्धी पॉलसनविरुद्धचा, मॉर्फीने एफ ३ वरच्या उंटावर वजीर दिलेला डाव याच पद्धतीने मांडावा.