दोन संगणक, एकच बॅशआरसी

घरी निपाणीत लॅपटॉप, बेळगावात ऑफिसचा संगणक. बॅशआरसी म्हणजे टर्मिनल उघडताच बॅश वाचतं ती सेटिंग्जची फाइल. एकीकडे तिच्यात केलेला अलायस (कमांडला दिलेलं छोटं नाव) दुसरीकडे नसतो, आणि फाइल तशीच कॉपी केली की तिथल्या सेटिंग्ज जातात.

१. होममध्ये ‘डॉटफाइल्स’ फोल्डर करून बॅशआरसी त्यात हलवा, तिथेच गिट (फाइलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्राम) सुरू करा. दुसऱ्या संगणकावर हेच फोल्डर गिटने आणा आणि पुढच्या पायऱ्या तिथेही करा.

२. ‘एलएन’ कमांडला ‘-एस’ देऊन जुन्या जागी सिमलिंक (खऱ्या फाइलकडे नेणारा दुवा) करा. मार्ग पूर्ण लिहा. अर्धा मार्ग लिंकच्या जागेपासून मोजला जातो, त्यामुळे लिंक बनते पण बरेचदा उघडत नाही.

३. घरचं मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग), ऑफिसचं कन्नड, इंटरनेटची प्रॉक्सी, असं त्या त्या संगणकापुरतं जे असेल ते ‘बॅशआरसी डॉट लोकल’मध्ये ठेवा. ही फाइल गिटबाहेरच राहू द्या. लोकेल आधी सिस्टिमवर तयार हवं, नाहीतर पर्लसारखे प्रोग्राम दरवेळी इशारे देतात.

४. बॅशआरसीच्या शेवटी ही फाइल ‘सोर्स’ करा, म्हणजे बॅशला तीही वाचायला लावा, पण ‘इफ’ने ती आहे का हे तपासूनच. ‘इफ’ राहिलं की नव्या संगणकावर टर्मिनल उघडताच एरर येते.

पासवर्ड, टोकन, एसएसएचची (दूरच्या संगणकावर लॉगिन करण्याची) खासगी की एकदाही कमिट करू नका, म्हणजे गिटमध्ये नोंदवू नका. नंतर फाइल पुसली तरी गिटच्या इतिहासात ती राहतेच.