ऑरगॅनिकवाल्यांनो, कॅन्सरच्या प्रोबमध्ये यायचं असेल तर आधी टिश्यूचं बघा

एमएस्सी ऑरगॅनिक केमिस्ट्री झालेले बरेच जण विचारायलेत की वाळूजच्या एमआयडीसीत क्यूसीत (मालाची तपासणी) लागू का पीएचडी करू, आणि केली तर हे फ्लोरोसंट प्रोबचं (कॅन्सरच्या पेशींपाशी गेल्यावर चमकणारं रसायन) काम आपल्याला जमेल का. जमतं की. जेआरएफ (पीएचडीची फेलोशिप) निघाली तर महिन्याला 37,000 आणि वर एचआरए, म्हणजे घरचे 'अजून किती शिकणार' म्हणले तर सांगायला काहीतरी राहतं.

विषय असा आहे, काही कॅन्सरच्या पेशींवर जीजीटी नावाचा एन्झाइम लई असतो. टोकियो विद्यापीठाचे यासुतेरू उरानो आणि अमेरिकेतल्या एनसीआय या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचे हिसाताका कोबायाशी यांनी 2011 मध्ये त्याच्यासाठीचा प्रोब छापला. रोडामिन या चमकणाऱ्या रंगाला ग्लुटामेट जोडलेलं, तोवर रेणूतली स्पायरो रिंग बंद, ना रंग ना चमक. जीजीटीने ग्लुटामेट तोडलं की रिंग उघडते आणि निळ्या प्रकाशात हिरवं चमकतं, तेही फवारल्यावर काही मिनिटांत. गाठ काढल्यावर कडेला काही राहिलं का, हे सर्जनला तिथंच कळायला पाहिजे असतं, म्हणून एवढा आटापिटा. पण जीजीटी सगळीकडे चालत नाही, अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी डीपीपी-4 या दुसऱ्या एन्झाइमवर काम झालंय, ओव्हरीच्यासाठी बीटा-गॅलॅक्टोसिडेज या एन्झाइमवर. आणि 2024 ला अमेरिकेत ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशनसाठी लुमिसाइट या चमकणाऱ्या औषधाला मंजुरी मिळाली, ते फवारत नाहीत, आधी शिरेतून देतात.

आता खरं सांगतो, सिंथेसिस आपल्या पोरांना येतं. कॉलम लावणं, एनएमआर वाचणं, त्यात हात बसलेला असतो. गाडं अडतं टिश्यूपाशी, म्हणजे पेशंटच्या गाठीच्या तुकड्यापाशी. पॅथॉलॉजीत गाठ आली की ती टिकवायला सरळ फॉर्मलिनमध्ये जाते आणि फॉर्मलिनमध्ये एन्झाइमचं काम जवळपास संपतं, मग तुमचा प्रोब कितीही भारी असू द्या, चमकणार काय? म्हणून तुकडा ताजा पाहिजे नाहीतर लगेच फ्रीज केलेला, आणि तो कुठून कापायचा हे पॅथॉलॉजिस्टच ठरवणार, कारण पेशंटचं निदान आधी, तुमचा पेपर नंतर. एथिक्स कमिटीची परवानगी आणि पेशंटला समजेल अशा मराठीतला संमतीचा फॉर्म, हे पहिल्या वर्षीच सुरू करा, मॉलिक्यूल तयार व्हायची वाट बघत बसू नका.

माणसाचं टिश्यू हातात यायच्या आधी खाटकाकडून बोकडाचा ताजा गुर्दा आणा (हसू नका). निरोगी गुर्द्यातच जीजीटी भरपूर असतो, त्यामुळं प्रोब जिवंत आहे का ते लगेच कळतं, शेजारी मटणाचा साधा तुकडा ठेवा, फरक डोळ्यानं दिसतो. याच कारणानं किडनीच्या कॅन्सरला हा प्रोब घेऊन जाऊ नका, कॅन्सर नसलेला भागही चमकेल.

आणि नुसतं हिरवं दिसलं म्हणून नाचू नका, टिश्यू स्वतःही थोडं चमकतं. प्रोब न टाकलेला तुकडा पाहिजे, आणि जीजीएसटॉप हा जीजीटीला थांबवणारा इनहिबिटर आधी टाकून मग प्रोब टाकलेला तुकडा पाहिजे. इनहिबिटरच्या तुकड्यात चमक कमी झाली तरच ती जीजीटीची. शेवटी त्याच तुकड्याची एच अँड ई (नेहमीच्या रंगात रंगवलेली) स्लाइड पॅथॉलॉजिस्टकडून वाचून घ्यायची, आणि तुमचा हिरवा फोटो त्यांना आधी दाखवायचा नाही.

डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेला प्रोबचा स्टॉक छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून, फॉइल गुंडाळून ठेवा, एकच बाटली रोज काढघाल करू नका. गाइड निवडताना बाकी काही विचारलं नाही तरी चालेल, पण त्यांचं कुठल्या दवाखान्याशी काम चालू आहे का आणि मायनस 80 चा फ्रीझर जनरेटरवर आहे का, एवढं विचाराच.