शिडाच्या होड्यांची शर्यत: तयारी, आणि सगळ्यात आधी तो फळा

गावातल्या मुलांच्या शिक्षणासाठी शर्यत भरवताय, तर मांडव-स्पीकरच्या आधी एक फळा करून घ्या. प्लायचा तुकडा, होड्यांवर जितकी माणसं तितके खिळे, प्रत्येक खिळ्यावर नंबरचा बिल्ला. उतरताना प्रत्येकाने आपला बिल्ला गळ्यात घालायचा, परतल्यावर ज्याचा त्यानेच टांगायचा. गेल्या खेपेला फळा राहिला, वहीवर भागवलं. शर्यत सोडून पलीकडच्या काठाला लागलेली माणसं घरी जेवत होती आणि बचाव बोट अंधारात खाडी धुंडाळत होती.

दिवस तिथी बघून ठरवा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, शुद्ध असो वा वद्य. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा: सकाळी सहाला भरती, बाराच्या सुमारास सुकती म्हणजे पूर्ण ओहोटी, संध्याकाळी पुन्हा भरती. दुपारी दोनला शर्यत सुरू केली तर पाणी चढतं असतं, भांग म्हणजे कमी चढउताराची भरती असल्याने ओढ कमी, वर थंडीतला खारा वारा. होडी रेतीवर लागली तरी थोड्या वेळात आपोआप तरंगते. पौर्णिमेला सगळं उलटं. पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, मग दुपारभर उधाणाची ओहोटी. मालवणजवळच्या कर्लीच्या खाडीत ती होडीला देवबागच्या मुखाकडे ओढते, आणि तिथे वाळूच्या दांड्यावर लाट फुटते. रविवारचा हट्ट धरू नका. हा ठोकताळा दिवस निवडण्यापुरता. वेळ छापताना भरतीचं कोष्टक बघाच.

वळणाच्या खुणांना 20 लिटरचे रिकामे कॅन, बूच घट्ट. खाली वाळूने भरलेली दोन पोती. दोर सुकतीला मापून बांधला तर भरतीला कॅन पाण्याखाली जातो नाहीतर पोतं उचलून वाहतो. पूर्ण भरतीच्या खोलीच्या दीडपट तरी ठेवा. बोया आदल्या दिवशी टाकू नका, रात्री जाळी लावणाऱ्यांना अडचण होते.

होड्या तांडेलच, म्हणजे होडी चालवणारे प्रमुखच, तपासतील. तुम्ही फक्त उलांडीच्या (होडीचा तोल राखणाऱ्या बाजूच्या लाकडाच्या) बांधण्या हाताने ओढून बघा. सुंभ वरून कोरडा दिसतो आणि गाठीच्या आत कुजलेला असतो. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, पट्टे बांधून. सैल जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं. आणि जॅकेट देणाऱ्याच्या शेजारीच फळा उभा करा. बिल्ला नाही तर जॅकेट नाही, जॅकेट नाही तर होडी नाही. तांडेल कितीही ओळखीचा असो.

मेरीटाईम बोर्डाचं बंदर कार्यालय आणि सागरी पोलीस ठाणं: अर्ज महिनाभर आधी, पोच घेऊन. तटरक्षक दलाचा 1554 नंबर फळ्यावरच मोठ्या अक्षरात लिहा.

नोंदणीकृत संस्था नसेल तर वर्गणीला हात लावण्याआधी धर्मादाय कार्यालयाकडे वर्गणी गोळा करण्यासाठीचा, सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 41कचा अर्ज. पावती पुस्तकांना क्रमांक. पैसे कशाला जाणार हे आधी ठरवून पावतीवर छापा: एसटीचा पास मुलींना बारावीपर्यंत मोफत आहे, मुलग्यांना नाही, तेव्हा 'पाससाठी' म्हणताना कोणाच्या ते लिहा. धक्क्यावर रेंज जाते, क्यूआरच्या भरवशावर राहू नका, सुटे ठेवा.

पाणी, सरबत, बक्षिसं, प्रथमोपचार पेटी. झालं.

बक्षीस समारंभ, पैशांची मोजणी, बचाव बोट बांधणं, यातलं काहीही सुरू करण्याआधी एकाने फळ्यासमोर उभं राहून खिळे मोजायचे. एक जरी रिकामा असेल तर माईकवरून नाव पुकारा, घरी फोन लावा, बोट पाण्यातच ठेवा.