बांधकामावरचा सुरक्षेचा कायदा आपल्या प्लॉटवर कसा लावावा

सांगली-मिरजेत किंवा साताऱ्यात स्वतःचे घर बांधायला काढणारा माणूस परवाना, बँकेचे कर्ज, वाळूचा भाव आणि बोअरचे पाणी यांची चौकशी महिनोन्‌महिने करतो. आपल्या प्लॉटवर काम करणारा माणूस परांचीवरून पडला, खड्ड्यात गाडला गेला किंवा त्याला विजेचा धक्का बसला तर कोणता कायदा लागू होईल, ही चौकशी मात्र बहुधा अपघातानंतर सुरू होते. ती आधी कशी करावी, हे येथे सांगायचे आहे. त्यासाठी कायद्याचा थोडा इतिहास सोबत घ्यावा लागतो, कारण या क्षेत्रातले कायदे एकावर एक थर चढावेत तसे आले आहेत आणि प्रत्येक थराची सुरुवात एखाद्या आकड्याने होते: इतके फूट, इतकी माणसे, इतके रुपये, इतके दिवस.

म्हणून पहिले काम वहीचे आहे. इमारतीची जमिनीपासूनची उंची, पायाच्या खड्ड्याची सर्वांत जास्त खोली, एका दिवशी जास्तीत जास्त किती माणसे कामावर असतील ती संख्या, आणि जमिनीची किंमत सोडून बांधकामाचा एकूण खर्च, हे चार आकडे अभियंत्याला विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. माणसे मोजताना स्लॅबचा दिवस धरावा, एरवीचा नव्हे. एरवी पाच-सहा माणसांवर चालणाऱ्या कामावर स्लॅबच्या दिवशी मिक्सरवाल्याच्या टोळीसह सहज वीस-पंचवीस माणसे उभी असतात.

उंचीचा आकडा सर्वांत जुना आहे. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे भरपाईला पात्र कामांच्या यादीत, एका मजल्याहून उंच किंवा जमिनीपासून छपराच्या माथ्यापर्यंत १२ फूट वा त्याहून अधिक उंचीच्या इमारतीचे काम येत असे. ती बांधणे, दुरुस्त करणे आणि पाडणे ही तिन्ही कामे त्यात धरलेली होती. हा कायदा अपघात टाळण्यासाठी नव्हता, झालेल्या अपघाताचे पैसे देण्यासाठी होता, आणि तोही ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. सातारा जिल्हा त्याच्या कक्षेत होता, सांगली हे पटवर्धनांचे संस्थान असल्यामुळे बाहेर होते. १९२९ साली खुला झालेला सांगलीचा आयर्विन पूल संस्थानी मुलखात उभा राहिला, ही गोष्ट त्यावरून रोज जाणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसते.

स्वातंत्र्यानंतर कारखान्यांसाठी १९४८ चा कायदा आला, पण बांधकामाची जागा म्हणजे कारखाना नव्हे, त्यामुळे गवंडी आणि बिगारी त्याच्या बाहेरच राहिले. पाटण तालुक्यात कोयनेची शंभर मीटरहून उंच भिंत उभी राहिली, तेव्हाही बांधकामाच्या सुरक्षेसाठी देशात स्वतंत्र कायदा नव्हता. भरपाईचा कायदा होता आणि सरकारी कंत्राटातली कलमे होती. दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली निकाल दिला आणि बांधकाम हे धोक्याचे काम असून त्यावर चौदा वर्षांखालील मूल ठेवता येणार नाही, असे ठरवले. पुढे कामगार संघटनांनी स्वतंत्र केंद्रीय कायद्यासाठी राष्ट्रीय मोहीम चालवली, नोव्हेंबर १९९५ मध्ये अध्यादेश निघाला आणि इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम १९९६ साली संमत झाला. महाराष्ट्राने त्याखालचे आपले नियम २००७ साली केले. मधली अकरा वर्षे कशी गेली, हे त्या काळात उंचावर काम केलेल्या लोकांना विचारावे.

आता वहीतला माणसांचा आकडा घ्यावा. १९९६ च्या कायद्याने दहाची रेघ ओढली: मागील बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी दहा किंवा अधिक बांधकाम कामगार असतील तर कायदा लागू. स्लॅबचा दिवस धरा असे वर म्हटले ते याचसाठी. काम सुरू होण्याच्या किमान ३० दिवस आधी निरीक्षकाला लेखी सूचना, ५०० माणसांवर सुरक्षा समिती आणि सुरक्षा अधिकारी, ५० हून अधिक स्त्रिया कामावर असतील तर पाळणाघर, असे पुढचे टप्पे होते. स्वतःच्या राहण्यासाठीच्या १० लाख रुपयांपर्यंतच्या घराला सूट होती. १९९६ साली ही रक्कम मोठी होती, पण ती तशीच राहिल्यामुळे पुढे साध्या दोन खोल्यांचे कामही तिच्या वर जाऊ लागले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता अमलात आल्या. सुरक्षेचा भाग व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० मध्ये गेला. कामगारांच्या कल्याणासाठी बांधकाम खर्चावर बसणारा उपकर आणि भरपाई यांचा भाग सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. जुन्या कायद्यांखालचे नियम नव्या संहितेशी विसंगत नसतील तेथवर चालू राहतात, त्यामुळे कामगार कार्यालयात जाताना दोन्ही नावे माहीत असलेली बरी. दहाची रेघ कायम आहे. बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा ५०० वरून २५० माणसांवर आली. स्वतःच्या घरासाठीची सूट १० लाखांवरून ५० लाखांवर गेली. ही सूट राहण्याच्या घरापुरती आहे. खाली गाळे काढून वर राहणाऱ्याने आपण तिच्यात बसतो असे परस्पर धरून चालू नये, लेखी विचारून घ्यावे. या सवलतीबाहेरच्या कामावर बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर बसतो, म्हणजे ८० लाखांच्या कामावर ८०,००० रुपये. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत किंवा आपल्या नगरपालिकेत परवान्याच्या वेळी तो भरला असेल तर पावती जपून ठेवावी. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या योजना याच पैशांतून चालतात. १८ ते ६० वयाच्या आणि वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगाराची तेथे नोंदणी होते, म्हणून मालकाने ९० दिवसांच्या दाखल्यावर सही करताना कां-कूं करू नये.

शिक्षेचा भाग मात्र पुरता बदलला आहे. १९९६ च्या कायद्यात सुरक्षेचा नियम मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड होता. नव्या संहितेत कर्तव्यात कसूर होऊन माणूस दगावला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, आणि त्या दंडाची किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. ‘सगळे ठेकेदारावर सोपवले आहे’ या वाक्याचा मालकाला फारसा आधार मिळत नाही. १९९६ च्या कायद्यातल्या ‘नियोक्ता’ म्हणजे कामावर ठेवणारा या शब्दाच्या व्याख्येतही मालक हा शब्द आधी येतो आणि ठेकेदार त्याच्यात समाविष्ट होतो.

दहाच्या रेघेखालच्या कामावर, म्हणजे गल्लीबोळातल्या बहुसंख्य घरांवर, यांतले पुष्कळसे लागू होत नाही. तेथे मी सार्वजनिक बांधकामाच्या कंत्राटांना जोडली जाणारी सुरक्षा संहिता वापरावी असे सांगतो. तिचे आकडे टेपने मोजता येतात, आणि मुकादमाला कलम वाचून दाखवण्यापेक्षा टेप लावून दाखवलेला लवकर समजतो.

सांगलीत सुरुवात खोलीपासून करावी. येथील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसात फुगते. तिच्याखालचा मुरूम गाठायला कॉलमचे खड्डे पुरुषभर खोल जातात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या संहितेप्रमाणे १.२ मीटर किंवा अधिक खोलीच्या चरात दर ३० मीटर लांबीला निदान एक शिडी हवी आणि ती जमिनीच्या वर ९० सेंटिमीटर यायला हवी. १.५ मीटर किंवा अधिक खोली झाली की बाजू पायऱ्यांनी मागे घ्याव्यात किंवा फळ्या-टेकू लावून धरून ठेवाव्यात. उपसलेली माती काठापासून १.५ मीटर किंवा खोलीच्या निम्म्या अंतरावर, यांतले जे जास्त असेल तितकी लांब टाकावी. खोदाईसाठी भारतीय मानक ३७६४ आहे. अभियंत्याला तेवढा क्रमांक सांगितला तरी पुरे.

मातीच्या ढिगाविषयी मी हट्टाने बोलतो, त्याला कारण आहे. विश्रामबागच्या बाजूला एका कामावर मी देखरेखीला होतो. जेसीबीवाल्याने सोयीचे म्हणून सगळी माती खड्ड्याच्या काठालाच लावली होती आणि उद्या उचलू म्हणून मीही गप्प बसलो. रात्री वळवाचा पाऊस झाला. सकाळी एक बिगारी फुटिंगच्या तळातले पाणी घमेल्याने काढत असताना ढिगाऱ्याखालची कड आवाज न करता खचली आणि तो कमरेपर्यंत मातीत गेला. मातीची भेग आदल्या संध्याकाळीच काठापासून हातभर अंतरावर, काठाला समांतर दिसत होती. मी ती ओलांडून गेलो होतो. आम्ही त्याला फावड्याने नव्हे, हातांनी उकरून काढले, कारण फावड्याचा घाव पायाला बसला असता. तो वाचला. तेव्हापासून खड्ड्यात माणूस उतरण्याआधी काठाभोवती एक फेरी मारून समांतर भेग शोधणे हे मी रोजच्या कामात धरतो, आणि पावसानंतर ती फेरी दोनदा होते.

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उताराला प्लॉट असेल तर धोका खालून नाही, वरून येतो. प्लॉट सपाट करताना डोंगराकडच्या बाजूचा मुरूम उभा कापला जातो आणि तो उन्हाळाभर भिंतीसारखा उभा राहतो म्हणून लोक फसतात. त्या कापाच्या पायथ्याशी कामगारांची खोपटी बांधू देऊ नये.

परांचीचा आकडा ३.६ मीटरचा, म्हणजे जुना १२ फुटांचाच. त्याहून उंच परांचीला ९० सेंटिमीटर उंचीचा, घट्ट बसवलेला कठडा लागतो. प्रत्यक्षात काथ्याने बांधलेला एक आडवा बांबू लावतात आणि प्लास्टर करताना हाताला आड येतो म्हणून तोही सोडतात. मुकादमाला एवढेच बजावावे की सोडलेला बांबू संध्याकाळच्या आत परत बांधलेला दिसला पाहिजे, आणि एका बाजूला टेकू नसलेली फळी कोठेही नको. फळीच्या अधांतरी टोकावर पाय पडून पडलेली माणसे मी पाहिली आहेत. एकेरी शिडी ९ मीटरहून लांब नसावी आणि चार फूट उंचीला एक फूट या हिशेबापेक्षा उभी लावू नये.

सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालच्या प्लेटा आणि टेकू, काढण्याची घाई मालकच करतो, कारण प्लेटांचे भाडे त्याच्या डोळ्यांसमोर असते. भारतीय मानक ४५६ मध्ये साध्या सिमेंटसाठी किमान दिवस दिले आहेत: दोन आधारांमधले अंतर साडेचार मीटरपर्यंत असलेल्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या अंतराचे १४ दिवस, सहा मीटरपर्यंतच्या तुळईचे १४ आणि त्यापुढे २१. आजकाल बाजारात मिळणारे राखमिश्रित सिमेंट सावकाश घट्ट होते, म्हणून त्यासाठी अभियंत्याकडून दिवस वाढवून घ्यावेत आणि तारीख कॉलमवर खडूने लिहून ठेवावी.

विजेसाठी दोनच गोष्टी. लघुदाबाच्या (घरगुती पुरवठ्याच्या) आणि ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) उघड्या तारेपासून इमारतीचे आडवे अंतर किमान १.२ मीटर, ३३ केव्हीला २ मीटर हवे. पण सळई १२ मीटर लांब येते, आणि गच्चीवर ती फिरवणाऱ्याचे लक्ष पुढच्या टोकाकडे असते, तारेला लागते मागचे टोक. तार जवळ असेल तर सळई खालीच तोडून वर चढवावी.

गावभागातला पुरात भिजलेला जुना वाडा पाडायचा असेल तर काम वरून खाली, मजल्यामागून मजला असेच व्हावे. पांढऱ्या मातीच्या भिंतीच्या तळाशी पहार घालून ती एकदम लोळवण्याची पद्धत स्वस्त पडते खरी, पण ती कोणत्या बाजूला लोळेल हे पहारवाल्यालाही सांगता येत नाही.

शेवटचे काम पुन्हा वहीचे. हजेरीत ‘बारक्या’, ‘मामा’, ‘पप्पूचा भाऊ’ अशी नावे चालत असतील तर ती बंद करून पूर्ण नाव, जन्मतारीख आणि रोजचा पगार लिहायला लावावे. भरपाई याच तीन नोंदींवर ठरते: मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्मे गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक. जानेवारी २०२० पासून भरपाईसाठी वेतन १५,००० रुपयांपर्यंत धरले जाऊ लागले. त्या हिशेबाने तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८ म्हणून १५,५९,८५० रुपये, आणि चाळीस वर्षांच्या माणसाचा १८४.१७ म्हणून १३,८१,२७५ रुपये होतात. इतकी रक्कम लहान ठेकेदाराच्या खिशात नसते, म्हणून कामगारांचा अपघात विमा उतरवल्याची पावती पहिला हप्ता देण्याआधी मागावी आणि पॉलिसीवर आपल्याच प्लॉटचा पत्ता आहे का, हे स्वतः वाचून पाहावे.