गॅस गिझरची धूरनळी दर्शनी भिंत न बिघडवता कशी काढावी

गोव्यातल्या जुन्या घरांत, न्हाणीत भाणाखाली, म्हणजे पाणी तापवायच्या तांब्याच्या हंड्याखाली, लाकडं पेटायची तेव्हा धूर कौलांच्या फटींतून आपली वाट काढायचा. आता त्याच न्हाणीला टाइल्स, फॉल्स सीलिंग आणि घट्ट बसणारी अॅल्युमिनियमची खिडकी आली आणि भाणाच्या जागी गॅस गिझर. धूर दिसत नाही म्हणून तो नाही असं वाटतं. पण एक किलो गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाण्याची वाफ आणि सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हवा कमी पडली तर त्यात कार्बन मोनॉक्साइडही येतो. त्याला ना रंग, ना वास.

म्हणून आधी नळी कुठून बाहेर निघणार ते ठरवा, मग गिझर घ्या. बहुतेक लोक नेमकं उलट करतात, आणि मग बाल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्याच्या, वर चकाकणारी नळी डोकावत राहते.

घराला एक फेरी मारा. रस्त्यावरून न दिसणारी, परसाकडची भिंत शोधा. तिथे झोपायच्या खोलीची खिडकी, शेजाऱ्यांचं दार किंवा विहिरीकडची बसायची जागा जवळ नको. खिडकीपासूनचं किमान अंतर गिझरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. मी त्याहून थोडं जास्तच सोडेन. पश्चिमेची भिंत शक्यतो टाळा. पावसाळ्यातला वारा तिकडूनच येतो आणि धूर उलटा आत ढकलतो. पणजीच्या फोंतैन्यासमध्ये किंवा अशा वारसा भागात घर असेल तर भिंतीला भोक पाडण्याआधी परवानगीची चौकशी करा.

मागे तिन्ही बाजूंनी मोकळी पडवी असेल तर प्रश्नच मिटला. बाहेर लावायला चालणारा गिझर तिथे छपराखाली बसवा आणि न्हाणीत फक्त गरम पाण्याचा पाइप न्या. माझं पहिलं मत यालाच.

आतच लावायचा असेल तर बिननळीचा स्वस्त गिझर घेऊ नका. तो सगळा धूर खोलीतच सोडतो. साध्या नळीच्या गिझरचा धूर स्वतःच्या उष्णतेने वर चढतो, त्यामुळे नळी आधी सरळ उभी न्यावी लागते. ती लपवायला कठीण. पंखा असलेल्या गिझरची नळी भिंतीतून आडवी निघते. त्यातही बंदिस्त प्रकार, म्हणजे एका नळीत दुसरी नळी, बाहेरचीच हवा घेतो आणि धूर बाहेर टाकतो. बाहेर दिसतं ते वाटीएवढं तोंड. किंमत जास्त, पण न दिसण्याचे पैसे इथेच सार्थकी लागतात.

जुन्या घरांत चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत दीड-दोन फूट जाड असते, तेव्हा नळीची लांबी आधी मोजा. छिन्नी-हातोड्याने चिरा ढासळतो. कोअर कटरने, म्हणजे गोल भोक कापणाऱ्या यंत्राने, भोक पाडून घ्या. पंख्याच्या गिझरच्या आडव्या नळीला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, म्हणजे पाऊस आत येणार नाही. समुद्राजवळ साधा पत्रा टिकत नाही, ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील मागा. भोकाभोवतीची फट फोमने भरू नका, तो पेटतो.

तोंड लपवायला पुढे जास्वंद लावणं, डासांची बारीक जाळी ठोकणं किंवा नळी माळ्यावर सोडून देणं, तिन्ही चुकीचं. हवं तर उष्णता सोसणारा रंग भिंतीच्या छटेत द्या.

साध्या नळीच्या गिझरची शेवटी परीक्षा घ्या. दारं-खिडक्या बंद, न्हाणीतला एक्झॉस्ट पंखा चालू, गिझर चालू, आणि त्याच्या वरच्या फटीजवळ पेटती अगरबत्ती. अगरबत्तीचा धूर फटीत ओढला गेला तर ठीक. खोलीत पसरला तर गिझर बंद करून मेकॅनिकला बोलवा. ज्योत पिवळी दिसली तरी तेच. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच.

मे संपता संपता नळीचं तोंड पाहून घ्या. कुंभारमाशीला मातीचं घर बांधायला अशी भोकं फार आवडतात.