बिघाड नेमका कोणत्या कमिटमध्ये शिरला, हे कसे शोधावे

नवी मुंबईतील ऐरोली किंवा महापे येथील कार्यालयांत एकाच रिपॉझिटरीवर (कोडच्या सामायिक भांडारावर) अनेक जण काम करत असतात. अशा वेळी गेल्या महिन्यापर्यंत अचूक निघणारे बिल आज चुकीची बेरीज का दाखवते, हे सगळा कोड वाचून शोधत बसू नये. त्यासाठी ‘गिट बायसेक्ट’ वापरावे. गिट हे कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणारे साधन आहे, आणि त्यात नोंदवलेला प्रत्येक बदल म्हणजे एक कमिट. ‘गिट बायसेक्ट स्टार्ट’ दिल्यावर सध्याच्या कमिटला ‘बॅड’ आणि पूर्वीच्या खात्रीच्या कमिटला ‘गुड’ ठरवले, की गिट मधला कमिट समोर ठेवते. तो तपासून कौल देत गेल्यास दर वेळी शोधाची व्याप्ती निम्मी होते आणि १,००० कमिटमधून दोषी कमिट साधारण १० पायऱ्यांत सापडतो.

तपासणीची स्क्रिप्ट (ती आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम) असेल, तर ‘गिट बायसेक्ट रन’ हे सारे स्वतःच करते. स्क्रिप्टने ० परत केल्यास गुड, १ परत केल्यास बॅड, आणि १२५ परत केल्यास तो कमिट वगळला जातो. ज्यातून चालणारा प्रोग्रॅमच तयार (बिल्ड) होत नाही अशा कमिटसाठी १२५ आवर्जून वापरावा, अन्यथा निर्दोष बदलावर ठपका येतो. अर्थात कमिट लहान आणि एकाच बदलापुरते असतील तरच हा शोध फळतो. दोन हजार ओळींचा कमिट सापडून हाती फारसे काही लागत नाही. शेवटी ‘गिट बायसेक्ट रीसेट’ देऊन मूळ ब्रँचवर (आधी काम चालू असलेल्या कोडच्या शाखेवर) परतावे.