स्टिरिओ चित्रपटगीताचे घरच्या घरी ५.१ रूपांतर

५.१ म्हणजे पुढे डावा, मधला व उजवा, मागे डावा व उजवा असे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर; प्रत्येकाला आवाजाची स्वतंत्र वाहिनी लागते. गाणे शक्यतो मूळ सीडीवरून वेव्ह (न दाबलेली) फाइल म्हणूनच घ्यावे, कारण एमपीथ्रीत दाबलेल्या आवाजातले दोष वाहिन्या वेगळ्या केल्या की मागच्या स्पीकरमधून उघडे पडतात. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये डावा व उजवा ट्रॅक सुटा करावा. दोन्हींत समान असलेला भाग, म्हणजे बहुधा गायकाचा आवाज, मधल्या वाहिनीला द्यावा. मात्र पुढच्या दोन वाहिन्यांतून तो पूर्ण पुसू नये, नाहीतर गाणे पोकळ वाटते. उजव्या ट्रॅकची ध्रुवता उलटी करून (इन्व्हर्ट; मागून पुढे वाजवून नव्हे) तो डाव्यात मिसळल्यावर, म्हणजे डाव्यातून वजा केल्यावर, उरणारा व्हायोलिनांचा पसारा आणि घुमारा मागे पाठवावा, त्याला सुमारे १५ मिलिसेकंदांचा विलंब द्यावा आणि त्याची पातळी ६ डेसिबलने उतरवावी. सबवूफरसाठी १२० हर्ट्झच्या वरचा भाग गाळावा.

पन्नाशीच्या दशकातील बहुतेक गाणी मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेली, असल्याने ही वजाबाकी केल्यावर हाती शांतताच लागते. ती तशीच ऐकावीत, हे माझे ठाम मत आहे.

निर्यात करताना पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, सबवूफर, मागचा डावा, मागचा उजवा असा क्रम ठेवून फ्लॅक (दर्जा न घटवता दाबलेली) फाइल करावी. ऐकताना तबल्याची थाप पाठीमागून येते असे वाटल्यास मागची पातळी आणखी उतरवावी.